ते बदललेले आहेत

“ते बदललेले आहेत,” क्षिप्रा म्हणाली, आणि निशांतच्या पोटात बारीकशी कळ आली. खरं म्हणजे वाक्यात कळ येण्यासारखं काही नव्हतं. रविवारची सकाळ होती. घणसोलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये त्यांची छोटी लाल गाडी जॅकवर चढवलेली होती, पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि जुन्या चटईवर कुशीवर होत निशांत म्हणाला होता, “ब्रेकचे रबरी होज एकदा बघून घेतो. घाटात जाणार आहेस ना.” त्यावर चहाचा कप खांबाच्या कट्ट्यावर ठेवत ती सहज म्हणाली, ते बदललेले आहेत. कुणी बदलले ते म्हणाली नाही. मराठीत ते म्हणावं लागत नाही, हीच तर पंचाईत आहे. काम होतं, वाक्य पूर्ण होतं, आणि करणारा माणूस वाक्याच्या बाहेर कुठेतरी हात पुसत उभा राहतो. निशांतला तो दिसायचा. तीन वर्षं झाली लग्नाला, पण क्षिप्राच्या अशा प्रत्येक वाक्यामागे त्याला तो स्पष्ट दिसायचा. पडदे लावलेले आहेत. गिझरचा पाईप बदललेला आहे. बाल्कनीची जाळी घट्ट केलेली आहे, हलणार नाही. आशुतोषनं लावलेले, आशुतोषनं बदललेला, आशुतोषनं घट्ट केलेली. क्षिप्राचा पहिला नवरा. साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हा निशांत त्याला ओळखतही नव्हता. आणि आता त्याच्याइतका दुसऱ्या कुणालाच ओळखत नव्हता.

चाळिशी उलटेपर्यंत निशांत बिनलग्नाचा राहिला होता, आणि राहिलाच असता, तर मेलेल्या माणसाचा मत्सर करायची वेळ त्याच्यावर आली नसती. पण मावशीनं स्थळ आणलं, कोपरखैरण्याच्या हॉटेलात दोघांनी मसाला डोसा खाल्ला, क्षिप्रा न लाजता खळखळून हसली, आणि गडी तिथेच गारद झाला. तिचा फ्लॅट होता, त्याची भाड्याची खोली होती, म्हणून तोच इकडे राहायला आला. दोन बॅगा आणि एक टूलबॉक्स. महापेच्या कंपनीत तो तपासणीच्या खात्यात होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, याचाच पगार मिळायचा. त्यामुळे नव्या घरात शिरल्या शिरल्या त्यानं जे केलं ते संसार मांडणं म्हणण्यापेक्षा तपासणीच म्हणावी लागेल. प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला. प्रत्येक बिजागरी हलवून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. एकही वस्तू अशी मिळेना जी त्यानं दुरुस्त करावी आणि क्षिप्रानं म्हणावं, बरं झालं तू आलास. माणसानं मरताना घर इतकं ठाकठीक करून ठेवू नये, असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि मग स्वतःचीच शरम वाटली होती. ती शरम फार दिवस टिकली नाही. मत्सर मात्र चांगला मुक्कामाला आला.

आणि ही गाडी. गाडी तर तिनं विकूच दिली नव्हती. “चालतेय की चांगली,” एवढंच म्हणायची. दरवर्षी या दिवसांत ती एकटी गाडी घेऊन कराडला जायची, आशुतोषच्या आईकडे. त्यांना ती अजून ‘आई’च म्हणायची. निशांत कधी बरोबर गेला नव्हता, कारण तिनं कधी बोलावलं नव्हतं, आणि तिनं कधी बोलावलं नव्हतं कारण तो कधी येतो म्हणाला नव्हता. यंदा शनिवारी निघायचं ठरलं होतं. जाताना घाट चढायचा, येताना उतरायचा. म्हणजे आपण रविवार खर्ची घालून, गुडघे सोलून, दुसऱ्याच्या आईकडे जायला दुसऱ्याची गाडी तयार करून देतोय, असा विचार चाकाचे नट सोडवताना त्याच्या मनात आला होता. त्यानं नट जास्तच जोरानं पिळला. गंमत म्हणजे नवे होज त्यानं दोन दिवस आधीच आणून ठेवले होते. जुने तपासायच्या आधीच. ते खराब निघणार हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

आता तो चटईवर आडवा होऊन त्या होजकडे बघत होता. चाकामागे लोखंडी नळी संपते आणि तिथून ब्रेकपर्यंत वीतभर-दीडवीत लांबीची काळी रबरी नळी जाते. चाक वळतं, खड्ड्यात खालीवर होतं, म्हणून तेवढा तुकडा लवचीक लागतो. पायाचा सगळा जोर त्या एवढ्याशा रबरातून जातो. नळी कुठे पिळलेली नव्हती. पट्टीतली खिट्टी नीट ठोकलेली होती. टोकाच्या बोल्टखालची तांब्याची वॉशरं सरळ बसलेली होती, एक थेंब गळती नाही. चांगलं काम होतं. इतकं चांगलं की निशांतच्या कारखान्यात ते त्यानं सही करून पास केलं असतं. त्यानं नळी अंगठ्यानं दाबली, मग मधोमध धरून वाकवली. आणि वाकवलेल्या जागी, वरच्या बाजूनं, रबर उलगडलं. बारीक बारीक चिरा. एकीत नखही शिरलं. त्याला आनंद झाला. बायको ज्या गाडीतून घाट उतरणार त्या गाडीच्या ब्रेकची नळी चिरलेली आहे आणि आपल्याला आनंद होतोय, हे त्याला कळलं, पण आनंद काही कमी होईना.

“ये, बघ जरा,” तो म्हणाला. “बदललेले म्हणे.”

क्षिप्रा वाकली. ओढणी कमरेला खोचली, उकिडवी बसली, आणि त्यानं वाकवून धरलेल्या नळीवरून तिनं बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला. फार नाही, दूध नासल्यावर उतरतो तितका. “हं,” ती म्हणाली. “वय झालं त्यांचं. मला वाटलं होतं अजून टिकतील.” तिचं बोट त्या चिरांवर रेंगाळलं. निशांतनं ते बोट पाहिलं. बायको नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यावरून बोट फिरवते तसं ते वाटलं त्याला. आणि आत्ता झालेला आनंद आंबून गेला. चूक सापडली होती, पण चुकीसकट तो माणूस तिला हवा होता. आता काय करायचं?

कामाला लागायचं, दुसरं काय. वर टाकीतलं ब्रेक ऑईल कमी करून घेतलं. लोखंडी नळीचा जोड रिंग पान्यानं सोडवला, तो सहज सुटला. सुटला म्हणजे गंज धरू नये म्हणून कुणीतरी तेव्हा ग्रीस लावलं होतं. निशांतला आता प्रत्येक ठिकाणी त्याचे हात भेटत होते. बोल्टवर, खिट्टीवर, जोडावर. लाल मडगार्डवर, बोनेटच्या कडेला, एका जागी रंग सोलून पत्रा दिसत होता. ब्रेक ऑईल सांडलं आणि लगेच धुतलं नाही की रंग असा उडतो. लग्नानंतर गाडी पहिल्यांदा धुताना त्यानं तो डाग पाहिला होता, आणि त्या दिवसापासून तो डाग त्याला आवडायचा. एवढ्या हुशार माणसाच्या हातून एकदा तरी ऑईल सांडलं होतं. इतर वेळी तो फोटोतल्या आशुतोषशी झगडायचा. दिवाणखान्यात नव्हे, क्षिप्रानं समजूतदारपणे तिथला फोटो काढून ठेवला होता. कपाटाच्या आतल्या बाजूला होता, साड्यांच्या मागे. निशांतनं तो शोधून काढला होता. गोल चेहरा, पुढे आलेले दात, कुणाच्या तरी लग्नात जेवताना काढलेला. देखणा म्हणावा असा अजिबात नाही. देखणा असता तर सोपं झालं असतं.

दोन्ही बाजूचे नवे होज बसवून होईपर्यंत ऊन पार्किंगमध्ये शिरलं होतं. मधेच तळमजल्यावरचे दिनानाथ पाटील पिशवी हलवत आले. मूळचे तळवली गावातले, त्यांच्या शेतावर या इमारती उभ्या राहिल्या आणि तेही त्यातल्याच एकीत राहायला आले. “काय निशांतशेट, गारी खोलली?” ते उभे राहिले. “ब्रेकचा काम हाय? सांभालून करा बरं. पयलं पन हितंच खोललेली, ह्याच खांबाशी. आशुतोष न वैनी, दोगा जना. दोगांची तोंडा कालीकुट्ट. आमची म्हातारी तं हसून हसून मेली.” क्षिप्रा हसली. “आहे का आठवण, काका?” “आठवन नाय तं काय! असा जोरा बगला नाय,” असं बोलून गेल्यावर पाटलांच्या लक्षात आलं, की आपण नको ते बोललो. मग पापलेटचा भाव किती चढला आहे ते सांगून त्यांनी पाय काढता घेतला. निशांत टायरला टेकून बसला होता. जोडा बघितला नाही. दोघांची तोंडं काळी. गाडीखाली शिरलेल्याचं तोंड काळं होणार, ते समजण्यासारखं आहे. पण पेडल दाबायला वर सीटवर बसलेलीचं तोंड काळं कसं होतं? ते त्याला बरोबर समजलं. जे समजलं ते तो बघत बसला, दात दुखत असला की जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते तसा.

आता हवा काढायची राहिली. नळी उघडली की आत हवा शिरते, आणि ऑईलमध्ये हवा असली की पेडल स्पंजासारखं बसतं, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली ब्रेकचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, उघडायचं, हवा आणि ऑईल फसफसून बाहेर येतं, निपल बंद करायचं, मग वरच्यानं पाय सोडायचा. खालचा बोलत नाही तोवर वरच्यानं सोडायचं नाही, सोडलं तर हवा परत आत. एकट्यानं हे काम होत नाही. निशांतला हे आधीपासून माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर याच क्षणासाठी त्यानं हा सगळा घाट घातला होता. क्षिप्रा वर, आपण खाली. आपण सांगू, ती ऐकेल. या गाडीत, या घरात, एक तरी गोष्ट अशी होईल की जी त्या दोघांची नसून आपल्या दोघांची असेल. तिला सगळं नीट समजावून सांगायचं त्यानं मनात घोकून ठेवलं होतं.

“बस,” तो म्हणाला. “मी सांगतो तसं कर.” डाव्या चाकापाशी तो आडवा झाला, निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं, पाना चढवला. आणि तो सांगायला तोंड उघडणार इतक्यात वर पेडल हललं. एकदा, दोनदा, तीनदा, सावकाश, तालात. मग थांबलं. आणि वरून आवाज आला, “धरलंय बगा!”

निशांतचा हात पान्यावर तसाच राहिला. आवाज क्षिप्राचाच होता, पण तिचा नव्हता. क्षिप्रा कळंबोलीत वाढलेली, तिच्या तोंडात ‘बगा’ कुठून येणार? तिनं तो शब्द थोडा जाड करून, नाकातून, मजेत टाकला होता. कराडचा शब्द. पुढे आलेल्या दातांचा शब्द. तीन वर्षांत हा आवाज तिनं निशांतसाठी काढला नव्हता. स्वयंपाकघरात नाही, अंथरुणात नाही. त्याला वाटलं, आपण गाडीखाली आहोत आणि वर ते दोघं बसलेत. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाना अर्धा फेरा फिरवायचा होता, एवढंच. त्यानं फिरवला नाही. आणि ‘सोड’ही म्हणाला नाही. धर म्हणावं. तुझ्या बगाला धर. बघू किती वेळ धरतेस.

वर ती धरून बसली. सीटची स्प्रिंग बारीक कुरकुरली. दूर ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर जात होते, त्यांची घरघर फरशीतून त्याच्या पाठीला लागत होती. तो निपलकडे बघत पडून राहिला. आपण हे काय करतोय ते त्याला स्पष्ट दिसत होतं. तरी त्यात एक गोडी होती, खरूज खाजवल्यासारखी. तिचा पाय आता थरथरत असेल. तो असता तर त्यानं केव्हाच उघडलं असतं. तो प्रेमळ होता ना.

“निशांत,” क्षिप्रा वरून म्हणाली. आवाज आता तिचा होता. “उघडलं नाहीस तू.”

“उघडलंय,” तो खोटं बोलला.

“उघडलं असतंस तर पेडल खाली गेलं असतं. पायाला कळतं. काय झालं, पाना घसरतोय का?”

तो सरपटत बाहेर आला. उठून बसला. “बरंच माहितीये तुला,” तो म्हणाला. “आशुतोषनं चांगलं शिकवलेलं दिसतंय.”

इतक्या वर्षांत हे नाव त्यानं तिच्यासमोर पहिल्यांदा घेतलं होतं. क्षिप्रानं पाय काढला, दार उघडलं, आणि त्याच्याकडे बघितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं, रडेल असंही वाटलं. ती हसायला लागली. “आशूनं? मला? अरे, आशूला साधा पाना धरता येत नव्हता. खाली शिरला की गुदमरायचा तो. तो इथं बसायचा, पेडलवर. खाली मी.”

“तू?”

“मग? बाबांचे ट्रक होते कळंबोलीला, माझं लहानपण यार्डात गेलंय. माहितीये की तुला.” हातातल्या रुमालानं तिनं कपाळ पुसलं. “हे होज मी घातलेत. म्हणून तर जीवावर आलं मघाशी, चिरा बघून. तो डाग दिसतो ना मडगार्डवर, तोही माझाच. मी म्हटलं पाणी ओत, पाणी ओत, आणि हा वर बसून नुसता हसतोय. मग मी काळे हात त्याच्या तोंडाला पुसले.”

“कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी? तू आलास तो टूलबॉक्स घेऊनच आलास. म्हटलं असू दे, त्याला आवडतंय.” रुमालाची घडी करत ती म्हणाली, “आणि मलाही नकोसंच झालं होतं मधे. वर बसायला कुणी नव्हतं.”

निशांत टायरजवळ बसून राहिला. खरं तर सुटका व्हायला हवी होती. सोडवलेले जोड, ग्रीस, खिट्ट्या, पडदे, गिझर, जाळी, सगळं भराभर त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या प्रत्येक वाक्याबाहेर हात पुसत उभा असलेला तो गोल चेहऱ्याचा माणूस एकेक करून नाहीसा झाला. तिथे क्षिप्रा उभी होती. तीन वर्षं तो तिच्याच हातांवर जळत होता. पण मत्सर असा कुठे जातो? त्यानं नुसती जागा बदलली. पूर्वी त्याला वाटायचं, तो माणूस सगळं करत होता म्हणून तिला हवा होता. करणाऱ्या माणसाशी निदान झुंजता येतं. आपण त्याच्याहून जास्त करावं, त्याच्याहून चोख करावं. पण त्याला तर काहीच येत नव्हतं. तो नुसता वर बसायचा, ती सांगेल तेव्हा दाबायचा, आणि धरलंय बगा म्हणायचा. तेवढ्यावर तिचं प्रेम होतं. गाडीखालची, हात काळे झालेली, वरच्यावर हुकूम सोडणारी क्षिप्रा आशुतोषनं रोज पाहिली होती, आणि निशांतच्या वाट्याला आली ती चहाचा कप हातात घेऊन कौतुकानं बघणारी. त्याच्या टूलबॉक्ससमोर तिनं आपले हात बाजूला ठेवून दिले होते. हे चोरीला गेलेलं नव्हतं. निशांतनं स्वतःच घेतलं नव्हतं. आणि तरीही तो त्या मेलेल्या माणसावर पूर्वीपेक्षा जास्त जळत होता.

“ऊठ,” क्षिप्रा म्हणाली. “ही बाजू झाली नाही अजून. वर बस, मी बघते.” ती उत्तराला थांबली नाही. केसांची गाठ मारली, त्याच्या हातातला पाना काढून घेतला, आणि चटईवर अशी सरकली की त्यात कुठेही अडखळणं नव्हतं. खाली गेल्यावर तिचा आवाज बदलला, यार्डातला झाला. “बाटली इकडे कर. हां. नळी कशी लावलीयेस रे ही, वर वळवून घ्यायची, हवा दिसायला पाहिजे.” ती त्याच्या कामातली चूक काढत होती. त्याच्या पोटात ओळखीची कळ आली, पण ती नेहमीसारखी नव्हती. तो सीटवर जाऊन बसला. काचेतून समोर खांब दिसत होता, आणि बोनेटच्या पलीकडे तिचे नुसते पाय.

“दाब.”

त्यानं दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. पेडल मऊ होतं. मग ते घट्ट झालं, आणि त्यानं ते तसंच धरलं.

“बोल ना,” ती खालून म्हणाली. “बोलल्याशिवाय मी उघडणार कशी?”

“धरलंय,” निशांत म्हणाला.

खालून काही नाही. पेडल हललं नाही. त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल, पण ऐकू गेलं होतं. तिचे पाय दिसत होते, ऐकत असलेल्या माणसाचे पाय. तिचा हात पान्यावर होता आणि तो फिरत नव्हता, आणि हे ती मुद्दाम करत नव्हती, तिला स्वतःलाही कदाचित ठाऊक नव्हतं, एवढं त्याला कळलं. हाताला सवय होती. एक शब्द राहिला होता. तो आल्याशिवाय त्या हाताला काम पुरं झाल्यासारखं वाटत नव्हतं. निशांत स्टिअरिंगला धरून बसला. नाही म्हणायचं त्याच्या हातात होतं. मी निशांत आहे, मी डोंबिवलीचा आहे, माझ्या तोंडात तो शब्द नाही, उघड मुकाट्यानं. थोडा वेळ गेला असता तर ती भानावर आली असती, अगं बाई म्हणाली असती, आणि पाना फिरवला असता. आणि पुन्हा कधी खाली शिरली नसती. त्याचा पाय थरथरायला लागला होता.

“बगा,” तो म्हणाला.

पेडल त्याच्या पायाखाली सावकाश खाली जाऊ लागलं. “सोडू नको हां,” क्षिप्रा खालून म्हणाली, मायेनं, घाईघाईनं. ती कुणाला म्हणाली ते त्यानं विचारलं नाही. पाय तळाला टेकला तरी तो दाबत राहिला.